‘काकू, उद्यापासून नेहमीचा डबा द्या’: डाएट चौथ्या आठवड्यात का मोडतं आणि तपासायला सुरुवात कुठून करायची

मी कोथरूडमध्ये घरगुती डबे देते. १७ वर्षं झाली. नेहमीच्या डब्याबरोबर कमी तेलाचा, भाकरी-उसळ-कोशिंबिरीचाही एक डबा असतो. आम्ही घरात त्याला हलका डबा म्हणतो, गिऱ्हाईकं डाएट डबा म्हणतात. तो वर्षातून तीनदा जोरात चालतो: १ जानेवारीला, दिवाळी संपल्यावर, आणि कंपनीतली वार्षिक तपासणी होऊन रिपोर्ट हातात पडले की. मग तीन-चार आठवडे जातात आणि फोन येतो, "काकू, उद्यापासून नेहमीचा डबा द्या." आवाज इतका ओशाळा, की जणू माझे पैसे बुडवलेत.

पहिली काही वर्षं मला वाटायचं, माणसं जिभेची कच्ची असतात. मग ४४व्या वर्षी माझाच रिपोर्ट आला. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). दुसऱ्यांना हलके डबे भरून देणारी मी स्वतः दोनदा तोंडावर आपटले. दुसऱ्यांदा आपटल्यावर मात्र नीट बघितलं. माझं डाएट रोज एकाच वेळेला मोडत होतं. सकाळी शहाणी, दुपारी शहाणी, आणि संध्याकाळी साडेसहाला चिवड्याच्या डब्यापाशी उभी. जीभ तर तीच होती दिवसभर! मग बिघाड त्या तासातच कुठेतरी असणार.

तेव्हापासून असा फोन आला की डबा बदलण्याआधी मी दहा मिनिटं विचारपूस करते. तीच विचारपूस इथे लिहिते, फुकटातल्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, किंवा गरोदर असाल, तर आधी सगळ्यात शेवटचा भाग वाचा.

लक्षणं

- सोमवारी सुरू होतं, गुरुवारी मोडतं, आणि उरलेले तीन दिवस "आता पुढच्या सोमवारपासूनच" म्हणत सगळं खाऊन घेतलं जातं.
- दिवसभर शिस्त. संध्याकाळी घरात शिरल्यावर पर्स किंवा बॅग खांद्यावर असतानाच हात फरसाणाच्या डब्यात.
- नऊला पोटभर नाश्ता, अकराला पोटात कावळे.
- दुसऱ्या आठवड्यात पोट फुगतं, मग "मला कडधान्यं सोसत नाहीत" असा निकाल.
- पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, पुढे काटा हलत नाही.
- डब्यातली पोळी संपते, कोशिंबीर परत येते. (हे लक्षण माझ्याइतकं कुणाला दिसत नाही.)
- सारखे खाण्याचेच विचार, घरच्यांवर चिडचिड.
- एखादा सण आला की खंड पडतो आणि गाडी परत रुळावर येतच नाही.

यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा.

१. कागद आणि घड्याळ

खर्च शून्य, आणि ही तपासणी टाळून पुढे गेलात तर बाकीच्या सगळ्या अंदाजपंचे होतात.

फ्रीजवर एक कागद चिकटवा. सात दिवस, ठरवल्याबाहेरचं काही तोंडात गेलं की फक्त वेळ लिहायची. आणि त्याआधी नीट जेवण किंवा नाश्ता किती वाजता झाला होता, ते. काय खाल्लं ते लिहायचं नाही. काय खाल्लं ते लिहायला लागलं की माणसाला लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस कागदाशीसुद्धा खोटं बोलतो. वेळेची कुणाला लाज वाटत नाही.

सात दिवसांनी बघा. वेळा दिवसभर विखुरलेल्या क्वचितच असतात. एका-दोन जागी त्यांचा घोळका दिसतो. माझ्याकडे जी माणसं येतात त्यांचा घोळका बहुधा चार ते साडेसात असतो. त्यांचा दिवस मांडून बघा: जेवण एक वाजता, रात्रीचं जेवण साडेनऊला, मध्ये साडेआठ तास आणि चहा. या साडेआठ तासांत वडापावच्या गाडीवरून नुसतं चालत जायचं म्हणजे मनोनिग्रह लागतो हे खरं, पण तो रोज कशाला लागावा? काहींचा घोळका रात्री साडेदहाला असतो. त्यांच्यात बऱ्याच जणांचं रात्रीचं जेवण फार तुटपुंजं असतं, नाहीतर झोपच उशिरा असते. रविवारी दुपारचा घोळका निराळा, तो सातव्या तपासणीत येईल.

२. चारचा चहा

घोळका संध्याकाळचा असेल तर सगळ्यात आधी चारच्या चहाकडे बघा. खरं तर चहाकडे नाही, त्याच्या सोबत्यांकडे.

आधी साखर. दिवसाचे तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे, चमच्याला साधारण ५ ग्रॅम धरली तर ३० ग्रॅम झाली. महिन्याला माणशी जवळजवळ एक किलो, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. म्हणजे चहातच हिशेब संपला. बिस्किटं, सॉस, शिरा अजून यायचेच आहेत. गूळ घालून सुटका होत नाही, तोही बहुतांशी साखरच.

पण म्हणून उद्यापासून बिनसाखरेचा चहा करू नका. मी केला होता, चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी तीन चमचे घातले. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, जीभ कुरकुर करत नाही. दोन चमच्यांवरून पाऊण चमच्यावर यायला मला दीड महिना लागला, आणि आता लग्नातला चहा मला पाकासारखा लागतो.

मग सोबती: खारी, टोस्ट, क्रीमरोल, आणि ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलेली बिस्किटं. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि तेल असेल तर पुढच्या बाजूचं गव्हाच्या लोंबीचं चित्र विसरा.

दुरुस्ती म्हणून मी डब्यात एक चौथी छोटी स्टीलची डबी द्यायला लागले. तिच्यात मूठभर फुटाणे आणि दाणे, किंवा परतलेले मूग, किंवा उकडलेलं अंडं, आणि सोबत एक पेरू किंवा केळं. सूचना एकच: साडेचारला खायची, भूक लागली नसली तरी. भूक लागल्यावर माणूस डबी उघडत नाही, खाली टपरीवर जातो. वजन कमी करायचं तर आणखी खायला कशाला, असं सगळे विचारतात. कारण ही डबी साडेसहाच्या चिवड्याच्या जागी येते, आणि रात्री साडेनऊला ताटावर तुटून पडणंही थांबतं. या १७ वर्षांत मी खूप प्रयोग केले. या डबीनं जेवढे डाएट वाचवले तेवढे दुसऱ्या कशानंच नाही.

३. नाश्ता

हे लक्षण अकराच्या कावळ्यांचं. कांदेपोह्यांवर माझा राग नाही, कोथरूडमध्ये राहून तो परवडणारही नाही. पण हिशेब असा, की ६० ग्रॅम पोह्यांत प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. बाकी बहुतेक पिष्टच, ते पटकन पचतं आणि भूक पटकन परत येते. उपमा, साबुदाणा, जॅम-ब्रेड यांचंही तेच.

नाश्ता बदलू नका, त्यात भर घाला. पोह्यांत मूठभर मोडाची मटकी आणि मटार, वर दाणे जरा सढळ हातानं, शेजारी वाटीभर ताक किंवा एक अंडं. पोहे तेवढे कमी. ३० ग्रॅम कोरड्या मटकीत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात ६. दोन दिवसांत फरक कळतो. नाही कळला तर नाश्त्यात दोष नव्हता, पुढे चला.

४. किराण्याची यादी

घरात जे असतं ते खाल्लं जातं. ही तपासणी स्वस्त आहे, उलट पैसे वाचतात, पण भांडण होतं.

महिन्याची यादी काढा आणि फरसाण, बिस्किटं, नूडल्स, सॉस, सरबताच्या बाटल्या यांच्यावर खूण करा. "मुलांसाठी" म्हणून आणलेलं कोण खातं तेही बघा. सगळं बंद करायला मी सांगत नाही. मोठं पाकीट आणू नका, हवं तेव्हा बाहेर जाऊन छोटं आणा आणि तिथेच संपवा. चिवड्याचा डबा हाताशी असणं आणि चिवडा आणायला दोन जिने उतरावे लागणं, यात फार अंतर आहे.

५. भाजी आणि तेल तोलून बघा

आता स्वयंपाकघरातला काटा लागेल. नसेल तर भाजीवाल्याचं बिल आणि तेलाच्या पिशव्या मोजल्या तरी चालतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठीच्या आहाराच्या सूचना नव्यानं काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाचं ताट दिलंय: भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. वजनं कच्च्या मालाची.

भाजीचा आकडा परत वाचा. माणशी ४०० ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर. आपण अर्ध्या किलो भेंडीत चौघांचं भागवतो आणि सोबत बारा पोळ्या करतो. ‘मी तर घरचंच खाते’ म्हणणाऱ्यांचा बिघाड बहुधा इथे सापडतो. घरचं आहे, प्रमाण उलटं आहे. पोळी सोडून भाकरीवर आलेल्यांचीही एक गंमत असते. ज्वारी चांगली म्हणून तीन-तीन भाकऱ्या. भाकरी चांगलीच आहे, पण तीही धान्यातच मोजायची.

भाजी महाग पडते हे मान्य. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव ऐकून मलाही घाम फुटतो. म्हणून दुधी, कोबी, लाल भोपळा, मुळा, गवार, त्या-त्या महिन्यात जे स्वस्त ते. परदेशी पालेभाज्यांवाचून कुणाचं अडत नाही.

तेलाचं गणित महिन्यावर करा. २७ ग्रॅम गुणिले ३० म्हणजे माणशी ८१० ग्रॅम. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर, आणि त्यातच तूप-लोणीही आलं. बाहेरचं खाणं असेल तर घरात त्याहून कमी. तुमच्याकडे सहा पिशव्या येत असतील तर चमच्यानं मोजायला सुरुवात करा. पळीनं ओतलं की हिशेब संपला.

पण फोडणी बंद करू नका, हे कळकळीनं सांगते. पांचट जेवण चार दिवसांच्या वर कुणी जेवत नाही. मोहरी तडतडायला तेल लागतंच, पण ते भाजीभर लागत नाही. भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवायची आणि शेवटी फोडणीच्या कढल्यात दोन चमचे तेलाची हिंग-मोहरी-लसणीची खमंग फोडणी वरून ओतायची. वास सगळ्या भाजीला लागतो. डब्यांच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे.

कोशिंबीर परत का येते, तेही सांगून टाकते. सकाळी आठला मीठ लावलेली काकडी एक वाजेपर्यंत स्वतःच्याच पाण्यात पोहत असते. मीठ आणि दही वेगळं न्या, खाताना मिसळा, दाण्याचं कूट सढळ घाला. मी हे करायला लागल्यापासून डबे रिकामे येतात.

६. पोट फुगणं

यानं बरेच जण दुसऱ्या आठवड्यात गळतात. कडधान्यांत अशा काही शर्करा असतात ज्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, त्यातून गॅस होतो. आयुष्यभर पातळ वरणावर राहिलेल्या माणसानं एका सोमवारी दोन वाट्या छोल्यांवर उडी मारली तर दुसरं काय होणार? मुगापासून सुरू करा, दोन मोठे चमचे. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा, नीट शिजवा. हिंग, आलं घाला, पाणी प्या. दोन-तीन आठवड्यांत वाटीपर्यंत जा. मग मटकी, मग चवळी, वाल-छोले सगळ्यात शेवटी.

७. फार कमी खाताय का?

सारखे खाण्याचे विचार, चिडचिड, थंडी वाजणं, आणि रविवारी दुपारी बांध फुटणं. याचा अर्थ सोमवार ते शनिवार पोटाला पुरेसं मिळत नाहीये.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला १५७० कॅलरींच्या आसपास जेवण दिलं गेलं होतं. युद्धातल्या उपासमारीनंतर माणसांना परत कसं सावरायचं हे शिकण्यासाठीचा तो प्रयोग. ही माणसं निरोगी मनाची, निवडून घेतलेली. तरी काही आठवड्यांत दिवसरात्र अन्नाबद्दलच बोलायला लागली, पाककृती जमवायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली. प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक बरेच दिवस भागेना. आपल्याकडे ‘१२०० कॅलरीचं डाएट’ मैत्रिणींमध्ये सहज फिरत असतं, तेव्हा मला हे ३६ जण आठवतात.

पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो बहुतेक पाण्याचे असतात. शरीरातली साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. काटा नंतर ‘अडकला’ असं वाटतं, तेव्हा तो खरं तर खऱ्या वेगावर आलेला असतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो. इथे घाबरून जेवण आणखी कापलं की रविवारचा बांध फुटणार हे ठरलेलं.

८. सण, उपास, लग्न

‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. उपास करायचाच असेल तर वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, फळं.

सणाचं एक जेवण कुणाचं डाएट मोडत नाही. मोदक खा, तूप घालून खा. मोडतं ते दुसऱ्या दिवशी, दोन उलट्या मार्गांनी: एक तर "काल एवढं खाल्लं म्हणून आज काही नको" आणि संध्याकाळी परत चिवडा, नाहीतर "मोडलंच आहे तर आता सोमवारपासून". दोन्हींवर उपाय एकच, पुढचं जेवण नेहमीसारखं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास झाला होता. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडलं नाही. चौथ्या आठवड्यात फोन करणाऱ्यांना मी हेच सांगते: तुमचा अठ्ठाविसावा दिवस आहे, अर्धी वाटही झालेली नाही.

दिवाळीच्या फराळाचं मात्र नियोजन लागतं, कारण तो एक दिवस नसून तीन आठवडे असतो. आलेला फराळ भाऊबीजेनंतर डबे करून वाटून टाका. कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, ऑफिस.

९. घर

सगळ्यात अवघड तपासणी, आणि यात माझा डबा काही करू शकत नाही.

एका घरात दोन स्वयंपाक फार दिवस चालत नाहीत. करणारी व्यक्ती थकते, आणि ती बहुधा डाएट करणारी नसते. जिथे टिकतं तिथे सगळे एकच जेवतात, फक्त वाढण्याचं प्रमाण वेगळं. आपलं साधं ताट बघा, वरण-भात, भाजी, कोशिंबीर, पोळी, ताक. यात काहीच उपरं आणावं लागत नाही. भाजीचा ढीग मोठा, भाताची मूद छोटी, एवढंच. २०१८ च्या सुमारास घराघरांत ऋजुता दिवेकरांचं डाएट की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवायचं, असे वाद रंगायचे. एका घरात सासूबाई एकीकडे, सूनबाई दुसरीकडे, जावई दिवसातून दोनदाच जेवणार. डबा कोणत्या वेळेला पाठवायचा हेच मला कळेना. पद्धत कोणतीही असो, घर तिच्या मागे उभं राहत नसेल तर ती महिन्याच्या पुढे जाताना मी पाहिलेली नाही.

दोन गोष्टी उपयोगी पडल्यात. पहिली: डाएट ज्याचं, चिरणं त्याचं. रात्री दहा मिनिटं बसून उद्याची भाजी चिरायची आणि मटकी भिजत घालायची. पुरुषांनो, हे विशेष करून तुम्हाला. दुसरी: आग्रह करणाऱ्याचा हात रिकामा परत पाठवायचा नाही. "एवढंसंच? बरं नाही का तुला?" असं आजी विचारतात, तेव्हा "मी डाएटवर आहे" म्हटलं की त्यांना तो स्वयंपाकाचा अपमान वाटतो. "आजी, भात पुरे, पण ती भाजी परत वाढा" म्हणून बघा. त्यांना वाढायचं असतं, काय ते दुय्यम.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

पहिले दहा दिवस काहीच होत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुन्हा फोन येईल. नंतर दुपारी जेवल्यावरची पेंग कमी होते. अकराचे कावळे थांबतात. सकाळी पोट साफ होतं (यावर माझी गिऱ्हाईकं वजनापेक्षा जास्त खूश असतात, फक्त सांगताना आवाज खाली जातो). महिना-दीड महिन्यानं हॉटेलची भाजी खारट लागायला लागते. ती जीभ सुधारल्याची खूण.

रक्ताच्या रिपोर्टची घाई करू नका. एचबीए१सी साधारण गेल्या तीन महिन्यांचं चित्र दाखवतं, त्याआधी तपासून फक्त मन खट्टू होतं. माझं ६.१ वरून ५.६ व्हायला चौदा महिने लागले, वजन उतरलं चारच किलो. शेजारणीनं विचारलं, "एवढ्यासाठी?" तिला मी चीनमधल्या दा-चिंगची गोष्ट सांगितली. तिथे १९८६ मध्ये उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांना घेऊन अभ्यास सुरू झाला. ज्यांनी सहा वर्षं आहार आणि व्यायाम सांभाळला, त्यांच्यावर तीस वर्षं नजर ठेवली गेली. त्यांना मधुमेह जवळजवळ चार वर्षं उशिरा गाठू शकला, आणि हृदयाचे त्रास आणि मृत्यूही कमी झाले. "चार वर्षं गोळ्यांशिवाय, कोण देतं गं फुकट?" म्हटलं. ती पेरू घेऊन गेली.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

पुढचं काही असेल तर वरची एकही तपासणी स्वतःच्या मनानं करू नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कापण्याआधी डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा. खाणं कमी आणि औषध तेवढंच, असं झालं की साखर ७० च्या खाली घसरते: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. त्या वेळी शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

किडनीचा आजार असेल तर डाळी, फळं, शहाळ्याचं पाणी वाढवणं धोक्याचं ठरू शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना आणि मुलांना वजन उतरवण्याचं डाएट नाही.

प्रयत्न न करता वजन उतरतंय, सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, शौचात रक्त किंवा काळी शौच, गिळायला त्रास, न थांबणारी उलटी: लगेच जा. तीन महिने सगळं नीट करूनही वजन वाढतंय, थकवा आहे, थंडी सोसत नाही, पाळी अनियमित आहे, तर थायरॉइड आणि पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडातून होणारा बायकांचा त्रास) तपासून घ्या. शाकाहारी आहात आणि हातापायाला मुंग्या येतात, तर बी१२.

आणि एक, ज्याबद्दल फोनवर कुणी बोलत नाही. लपून भरमसाट खाणं, मग उलटी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं, जेवणाचीच भीती वाटणं. याला माझ्या कागद-घड्याळानं अपायच होईल. डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वरच्या कशातच नाही, पण नऊच्या नऊ तपासण्या करूनही घोळका हलत नाही, तर डाएटिशियनकडे जा. पदवी विचारा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी आहे का विचारा. विचारण्यात काही उद्धटपणा नाही. फ्रीजवरचा तो सात दिवसांचा कागद सोबत न्या, निम्मी भेट त्यानंच वाचते. आणि कागद न बघताच समोरच्यानं पावडरचा डबा पुढे केला, तर पाणी पिऊन उठून या.